माहूरच्या वाटेवर ब्रेकचा दिवा

त्या दिवशी श्रावणातल्या मंगळवारी आम्ही दोघं नांदेडहून माहूरला निघालो, तेव्हा माझ्या मनात भक्ती कमी आणि हट्ट जास्त होता. हट्ट गाडीचा होता. वडिलांनी लातूरला घेतलेली ती शंभर सीसीची मोटारसायकल मी इतकी वर्षं जिवापाड सांभाळली. शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो, त्यामुळे विजेचं सर्किट म्हणजे आपल्या घरचं काम अशी माझी समजूत. आणि नेमका त्याच गाडीच्या ब्रेकच्या दिव्यानं मला दहा महिने रडवलं होतं. कधी लागायचा, कधी फ्यूज उडून बंद पडायचा. हॉर्न आणि ब्रेकचा दिवा एकाच फ्यूजवर, त्यामुळे फ्यूज उडाला की गाडी पळत राहायची, पण मुकी होऊन. मागच्याला कळायचंच नाही की आपण थांबतोय.

याच कारणानं माघात लातूरच्या रस्त्यावर एका ऑटोनं आम्हाला मागून धडक दिली होती. मला खरचटलं, बायकोचं उजवं मनगट मोडलं. ऑटोवाला बिचारा रडकुंडीला येऊन सांगत होता, "लाइटच लागली न्हाई ओ, मला कसं कळावं?" चूक माझी होती, पण दवाखान्यातही मी त्याच्याशीच भांडलो. हाताला प्लास्टर असताना बायको रेणुकामातेला नवस बोलली होती की हात चालू लागला तर आई, तुझी ओटी याच हातानं भरीन. माझा नवसावर फारसा विश्वास नाही. तिचा आहे. हात बरा झाला, तेव्हा ती म्हणाली की आपण एसटीनं जाऊ. मी म्हटलं, गाडी एकदम ठणठणीत केलीय, उगीच कशाला.

खोटं बोलत नव्हतो. बल्ब नवा घातला होता, पायाच्या ब्रेकजवळचा स्विच साफ करून त्याची स्प्रिंग बदलली होती, बॅटरीची टोकं घासली होती. अंगणात गाडी स्टँडवर लावून शंभरदा ब्रेक दाबला, शंभरदा दिवा लागला. लातूरच्या जुन्या मिस्त्रीनंही दोनदा अशीच तपासून दिली होती. बायको एकदा म्हणाली होती, "अहो, मी बसल्यावरच बिघडतं का, बघा बरं." मी हसून म्हटलं होतं, तुझा पायगुण. आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

भोकर, हिमायतनगर मागं पडलं तोवर सगळं नीट होतं. इस्लापूरच्या अलीकडं शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला, हॉर्न दाबला, आणि हॉर्न वाजला नाही. कडेला थांबून झाकण काढलं, फ्यूज काळा पडलेला. खिशात जादा दोन होते. एक घातला. पाच किलोमीटरवर तोही गेला. आता एकच उरला होता, आणि पुढं माहूरचा घाट होता. डोंगराकडं पाहिलं तर ढग पार खाली उतरून बसलेले.

शेवटचा फ्यूज घाटासाठी राखून आम्ही तसेच हळूहळू निघालो. थोड्या वेळानं आरशात पाहिलं, तर मी वेग कमी केला की बायको उजवा हात मागं लांब करून पंजा हलवत होती. मागच्या गाड्यांना थांबा म्हणून सांगत होती. तोच हात. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि तीही काही बोलली नव्हती. एक ट्रक तिच्या पंजापासून जेमतेम हातभर अंतरावरून गेला, तेव्हा मी गाडी पार कडेला घेतली. खरं सांगतो, इतकी भीती मला त्या अपघातातही वाटली नव्हती. ज्या देवीवर धड विश्वासही नव्हता, तिला मी मनात म्हटलं, आई, माझी अक्कल संपली.

पुढच्या फाट्यावर टिनाच्या शेडमध्ये मोटार वायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी बाहेर ओळीनं पडल्या होत्या. तिथं थांबून मी काय केलं असेल? फ्यूजच्या जागी सरळ तांब्याची तार घालायला घेतली. तार काही उडत नाही, पण शॉर्ट झालं तर आख्खी वायरिंग पेटते, तीही पेट्रोलच्या टाकीखाली. हे मी मुलांना फळ्यावर शिकवतो. तरी घालत होतो.

"तार नका घालू भाऊ, जळून जाताल दोघं बी," आतून आवाज आला. चाळिशीतली एक बाई बाहेर आली, पदर खोचलेला, बोटं वार्निशनं पिवळी. दुकान तिचंच होतं. वाटेत दोन फ्यूज उडाल्याचं बायकोनं तिला सांगितलं. मी सवयीनं बायकोला म्हटलं, "उतर गं." ती उतरायला लागली तर बाई म्हणाली, "राहू द्या ओ ताई, बसूनच राहा. गाडी तुम्हाला घेऊन चालताना बिघडून राहिली ना? मग तुम्हाला उतरवून काय घावणार?"

दहा महिने मी आणि मिस्त्रीनं गाडी उघडली की पहिलं काम तेच केलं होतं. बाईमाणसाला बाजूला उभं करायचं आणि रिकामी गाडी तपासायची.

त्या बाईनं फ्यूजच्या जागी दोन तारांनी एक बल्ब जोडला. शॉर्ट झालं की फ्यूज उडण्याऐवजी हा बल्ब भक्कन पेटणार. हीही माझ्याच धड्यातली गोष्ट, आणि मला सुचली नव्हती. मला ब्रेक दाबायला लावून ती मागच्या मडगार्डखाली वाकली. बायको सावरून बसली, सीट दबली, आणि बल्ब लख्ख पेटला. बायको जरा उठली, तो मंदावला. बसली, पुन्हा पेटला. "ही बघा घावली," बाई म्हणाली. मी वाकून पाहिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडे नवमीला, गाडी धुऊन पूजा करताना मी हौसेनं मागं पितळी पाटी बसवली होती, 'आई रेणुका प्रसन्न'. तिचा बोल्ट लांब होता. त्याचं टोक आत निघालं होतं, आणि मागं कुणी बसलं की ब्रेकची वायर त्यावर दाबली जात होती. वायरीचं कातडं तिथं पार सोललं होतं. बिघाड सुरू झाला तो त्याच दसऱ्यापासून, पण पाटीकडं माझी नजर कधी गेलीच नाही.

पाटी काढायची म्हटल्यावर बायकोचा चेहरा पडला. आईच्या दारी चाललोय आणि तिचंच नाव खाली उतरवायचं? बाईनं पाटी सोडवून पदरानं पुसली आणि तिच्या हातात दिली. "इथं मागं नुस्ता चिखल उडतोय ताई तिच्यावर. जवळ घेऊन बसा ना." बायकोनं ती ओटीच्या पिशवीत, खणाच्या घडीत ठेवली. सोललेल्या वायरीला टेप गुंडाळून शेवटचा फ्यूज घातला. बायको बसली, मी ब्रेक दाबला, दिवा लागला. बाईनं आतून करंडा आणून तिला हळदीकुंकू लावलं आणि परत मोटारीच्या तारा गुंडाळायला बसली.

माहूरच्या घाटात ढगांनी आम्हाला पुरतं गिळलं. दहा पावलांपुढचं दिसेना. एका वळणावर समोरची बस अचानक उभी राहिली. मी जीव खाऊन ब्रेक दाबला आणि मागं टायर घासल्याचा लांब, भेसूर आवाज आला. मी डोळे मिटले. आवाज थांबला तेव्हा एका जीपचं नाक बायकोच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होतं. ड्रायव्हर उतरला, घामानं डबडबलेला. "लाल लाइट दिसली म्हून थांबलो काका. न्हाईतर काय खरं नव्हतं." बायकोनं पिशवी छातीशी धरली होती. मी तिथंच, रस्त्यात, रडलो.

गाभाऱ्यात तिनं उजव्या हातानं ओटी भरली. नारळाचं वजन त्या मनगटाला पेललं. मी काही मागितलं नाही. आयुष्यभर मी देवापुढंही परीक्षकासारखाच उभा राहिलो होतो, काय करून दाखवतो ते बघू म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा नापास झालेल्या पोरासारखा उभा होतो, आणि तसं उभं राहण्यात किती सुख असतं हे कळलं. तांबुलाचा प्रसाद तोंडात विरघळत होता. वायंडिंगवाल्या बाईच्या रूपानं आई आली होती, असं बायको मानते. मी तिच्याशी वाद घालत नाही. परतीच्या वाटेवर त्या बाईलाही प्रसाद दिला, ती म्हणाली, "बरं झालं, दर्शन घडलं." एवढंच.

त्याआधी, गडावरून परतीला निघताना, किक मारण्याआधी मी मागं वळून बायकोला विचारलं, "भीती वाटतेय का गं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडीवर बसताना हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"वाटते ना," ती म्हणाली. "रोजच वाटत होती. तुम्ही विचारलंत, आता सांगता आली."

दिवा लागला ही नव्हे, तर बायकोला विचारायचं मला सुचलं हीच आईची कृपा, हे मला त्या क्षणी समजलं. मी गाडी पुन्हा स्टँडवर लावली. म्हटलं, तू म्हणशील तेव्हा निघू.