मेलो म्हणजे काय

काळाचौकीच्या त्या चाळीत लक्ष्मीबाई घाडीगावकरांच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. तोंड नुसतं भांडायचं होतं असं नाही. मायाही त्याच तोंडातून यायची, आणि नवख्या माणसाला दोन्हींतला फरक कळेलच याची खात्री नसे. दूध उतू गेलं की दूध मेलं, मांजर आडवं गेलं की मांजर मेलं, आणि भाचा शाळेत पहिला आला की ‘मेलो हुशार आसा हां!’ कुडाळजवळच्या गावातून लग्न करून आल्या त्या हाच शब्द पदरात बांधून. गिरणी बंद पडली, नवरा घरी बसला, तेव्हा त्यांनी डबे सुरू केले, लोअर परळच्या ऑफिसांतल्या पोरांना वर्षानुवर्षं जेवू घातलं, आणि डबा उशिरा परत करणाऱ्या प्रत्येक साहेबाला ‘मेल्या’ म्हटलं. एकानेही कधी डबा बंद केला नाही. सोलकढी तशी होती म्हणा.

फक्त एका माणसाला त्या हा शब्द लावत नसत. त्याचं नावच घेत नसत. त्यांचा एकुलता एक मुलगा हितेंद्र नाशिकच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. त्याच्या हातून गेला तो रघुवीर, तीन दारं पलीकडच्या गंगुबाईंचा. तोही एकुलता एक. दोघं एका ताटात जेवलेले. गच्चीवर दारू प्यायला बसले, कुठल्याशा मोटारसायकलवरून बाचाबाची झाली, आणि हितूने हाताला लागला तो लोखंडी रॉड घातला. कोर्टात त्याचं दफ्तर केवढंही झालं असो, गोष्ट एवढीच होती आणि तिच्यात दोन घरं बसली.

लक्ष्मीबाई तुरुंगात एकदाही गेल्या नाहीत. त्यांचे यजमान गंगाधरपंत मात्र दर महिन्याला जायचे. आदल्या दिवशी त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करून तो खुर्चीवर ठेवलेला असायचा, पण कुठे जाता म्हणून त्यांना कोणी विचारायचं नाही. परत आले की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, “बरो आसा.” लक्ष्मीबाई कांदा चिरत असायच्या. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतंच, तेव्हा त्या दिवशी घरात कांद्याचीच भाजी व्हायची.

मग गंगाधरपंतांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, उरले ते डोळे आणि दोन-चार आवाज. तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायचं तर चार माणसं लागत, नाशिकची गोष्ट दूरच. बापाचं कळल्यावर हितेंद्रने पॅरोलचा अर्ज केला. थोड्या दिवसांसाठी घरी जाऊ द्या, वडील असेपर्यंत एकदा बघू द्या.

असा अर्ज आला की घरी पोलीस चौकशीला येतात. कैदी आला तर घरचे ठेवून घेतील का, शेजाऱ्यांची हरकत आहे का, हे विचारतात. आलेला हवालदार मूळचा नांदेडकडचा, माणूस सालस. गॅलरीत उभा राहून त्याने अदबीने विचारलं, “मावशी, हितेंद्र आपला कोण?”

लक्ष्मीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. तीन दारं पलीकडे गंगुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबलेला लक्ष्मीबाईंनी पाहिला.

“मेलो तो!” त्या म्हणाल्या. “आमका तो मेलो. त्येचा नाव माझ्या दारात घेव नको.”

हवालदाराने जसं कळलं तसं लिहिलं. सदर बंदी हा कुटुंबाच्या दृष्टीने मयत असून आई त्यास घरात घेण्यास तयार नाही. अर्ज फेटाळला गेला.

तुरुंगातून हितेंद्रने हायकोर्टात दाद मागितली आणि सरकारी मदतीतून त्याला वकील मिळाली नूपुर आगाशे. दादरची, तिशीची, बोलण्यात कमालीची नीटनेटकी. गिरगावात खोताच्या वाडीजवळ पोटमाळ्यावर तिचं ऑफिस होतं. तिने चौकशीचा रिपोर्ट वाचला, एका मालवणी मित्राला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईंना बोलावून घेतलं. लक्ष्मीबाई गेल्या खऱ्या. का गेल्या हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. गंगाधरपंतांचे डोळे दिवसभर दाराकडे लागलेले असत, एवढं कारण पुरेसं होतं.

“काकू, हे तर सोन्यासारखं आहे!” नूपुर म्हणाली. “पोलिसांना मालवणी कळलंच नाही. तुमच्याकडे मेलो लाडानेही म्हणतात ना?”

“म्हणतत.”

“बास. आपण ॲफिडेव्हिटमध्ये तेच लिहायचं. आईने मायेने, रागालोभाने एक शब्द वापरला, त्याचा चुकीचा अर्थ लावला गेला. आता आपण प्रॅक्टिस करू. मी जज आहे. लक्ष्मीबाई, मेलो म्हणजे काय?”

लक्ष्मीबाई वर पंख्याकडे बघू लागल्या.

“घाबरू नका. म्हणा, साहेब, आमच्याकडे लाडाने म्हणतात.”

“साहेब, आमच्याकडे...” लक्ष्मीबाई थांबल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडल्या. जिने आयुष्यात कधी शब्दासाठी घसा खाकरला नव्हता तिची ही गत बघून नूपुरला वाटलं, बाई कोर्टाला बिचकतात. तिने चहा मागवला, धीर दिला, पंखा वाढवला.

“बाय,” शेवटी लक्ष्मीबाई म्हणाल्या, “मांजराला म्हणते ते लाडाने. भाच्याला म्हणते ते लाडाने. त्या दिवशी मी लाडाने नाय म्हटलं.”

“म्हणजे?”

“हवालदाराला कळलं ते बरोबरच कळलं. मी खरंच तसं म्हटलं. गंगू बसली होती ना पलीकडे. तिला ऐकू जायला पायजे म्हणून म्हटलं.”

नूपुरने पेन खाली ठेवलं. वकिलांना खोटं चालतं असं आपण सगळे खुशाल म्हणतो, पण ही पोरगी त्यातली नव्हती. तिला राग आला होता आणि तो लपवताही येत नव्हता. सोन्यासारखा मुद्दा हातातून गेला होता.

“मग काकू, ते मी तुमच्याकडून शपथेवर नाही वदवून घेणार. पण मग कोर्टाला सांगू काय? तुम्हाला तो घरात हवाय की नको? आणि आणखी एक. सरकारी वकील विचारणारच, मयताची आई त्याच गॅलरीत राहते, तिचं काय?”

“उद्या सांगते,” लक्ष्मीबाई म्हणाल्या.

गंगुबाई आणि त्या एकाच नळावर पाणी भरत. रघू गेल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या असंही नाही. पाणी आलं, पाणी गेलं, लाइट बिल आलं, एवढं बोलत. त्याआधी मात्र एकीच्या घरी मासळी शिजली की दुसरीचा मुलगा आपणहून ताट घेऊन येई. लक्ष्मीबाईंनी मनाशी हिशेब घातला होता. हिचा मुलगा गेला, तर आपणही आपल्याला मुलगा नाही असंच वागायचं. निदान नळावर तिच्या नजरेला नजर देता येईल. त्या हिशेबावर त्यांनी इतकी वर्षं काढली होती.

त्या दुपारी त्या गंगुबाईंच्या घरात गेल्या. उंबरा ओलांडून आत बसल्या. गंगुबाई सुकट निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“गंगू, हितूचो अर्ज आसा कोर्टात. ह्येंका बघूक येवक मागता.”

ते नाव लक्ष्मीबाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोंडातून काढलं होतं. गंगुबाई सुकटीची डोकी काढत राहिल्या.

“तू पोलिसाक सांगलंस ता आयकलंय मी,” त्या म्हणाल्या.

“तुझ्यासाठी सांगलंय गो.”

“माका ठाऊक आसा. सगळी वर्सां ठाऊक आसा.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “माझ्यासाठी तू तुझ्या झिलाक मारलंस लक्षमे. त्येना माझो रघू परत इलो काय?”

 बोलायला सदा पुढे असणाऱ्या लक्ष्मीबाई भरल्या डोळ्यांनी सुकटीकडे बघत राहिल्या. त्यांना वाटत होतं आपण मैत्रिणीसाठी केवढं मोठं काही करतोय, आणि मैत्रिणीला त्यातलं तसूभरही पोचलं नव्हतं. पोचण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

“मग काय सांगू कोर्टात?”

“माका इचारू नको. हो म्हणूक माझी जीभ वळणा नाय. आणि नाय म्हणूक गेलंय तर खाटेवरचे भावजी दिसतत. रघूक पयल्या दिवशी शाळेत हाताक धरून त्येंनीच नेल्यानी.” गंगुबाईंनी सूप परत ओढलं. “जा आता. घरात एकटे आसत ते.”

लक्ष्मीबाई उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घडलं ते सगळं नूपुरला सांगितलं, तिने त्यावरून ॲफिडेव्हिट नव्याने लिहिलं आणि यावेळी प्रॅक्टिस घेतली नाही. फक्त एवढंच म्हणाली, “काकू, विचारलं तर हेच सांगा. कमी नाही, जास्त नाही.”

सुनावणीच्या दिवशी शेजारच्या प्रितीला गंगाधरपंतांपाशी बसवून लक्ष्मीबाई फोर्टातल्या हायकोर्टात गेल्या. नऊवारी कडक, केसांत काही नाही. दोन न्यायमूर्ती होते. सरकारी वकिलांनी रिपोर्ट वाचला, मयत हा शब्द जरा ठासूनच वाचला. नूपुर इंग्रजीत बोलली, त्यातलं एक अक्षर लक्ष्मीबाईंना कळलं नाही, पण तिचा आवाज कापत नव्हता हे त्यांना बरं वाटलं. मग थोरल्या न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. “आई आल्यात का?”

लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या.

“पोलिसांना तुम्ही सांगितलंत की मुलगा तुमच्यासाठी मेला. बरोबर?”

“व्हय साहेब. सांगितलं.”

“आता घरात घेऊ म्हणता. मग खरं काय?”

“तेव्हाचंही खरंच होतं साहेब. त्याने माझ्या मैत्रिणीचा मुलगा मारला. मला वाटलं, माझाही नसला म्हणजे फिटलं. नाय फिटत. त्याचा बाप दाराकडे बघत पडलाय. येऊ दे त्याला. मी ठेवीन. मुदतीला मी स्वतः परत पोचवीन.”

“मयताच्या आईची हरकत?”

“ती हो म्हणाली नाय. नाय पण म्हणाली नाय. मी तिच्या घरात जाऊन विचारलं.”

कोर्टात कागद हलल्याचा आवाज आला. न्यायमूर्ती एकमेकांशी हळू बोलले आणि मग एकांनी सावकाश निकालाचा मजकूर सांगायला सुरुवात केली. नूपुरने लक्ष्मीबाईंचा हात धरला. ठाण्यावर हजेरी लावायची, मयताच्या आईच्या वाटेला जायचं नाही, मुदत संपताच हजर व्हायचं. पॅरोल मंजूर.

“म्हणजे येतो?” लक्ष्मीबाईंनी विचारलं.

“येतोय, काकू.”

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रितीला पाठवून त्या गंगाधरपंतांच्या उशाशी बसल्या आणि कानाशी लागून हळूच म्हणाल्या, “हितू येता हा.” गंगाधरपंतांचे कान साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटाने गिरणीतच गेले होते. त्यांनी नुसतं पाहिलं. लक्ष्मीबाईंनी जरा मोठ्याने सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या, काय म्हणतेस? मग लक्ष्मीबाईंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गॅलरीच्या पार टोकाला जाईल अशा आवाजात ओरडल्या, “हितू! आपलो हितू घराक येता!”

गंगाधरपंतांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते त्यांनाच ठाऊक. गॅलरीतली बोलणी थांबली. तीन दारं पलीकडे टीव्हीचा आवाज एकदम वाढला. गंगुबाईंच्या घरात तो वाढवायला त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.