प्रल्हाद निसळचं श्रूजबरी

प्रल्हाद निसळ सांगलीच्या एका कॉलेजात अकरा वर्षं भूगोल शिकवत होता. २००२च्या उन्हाळ्यात त्याने ती नोकरी सोडली, कारण त्याच्या बायकोला, सुवर्णाला, अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये संशोधनाचं काम मिळालं. पहिले सहा महिने तो घरात बसून होता. मग वर्क परमिट आलं आणि तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या नकाशा विभागात त्याला मदतनिसाची जागा मिळाली. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो आणि आम्ही एकाच बसने जायचो. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं त्याने मला त्या बसमध्ये सांगितलं. काही गोष्टी मात्र वर्षभराने सांगितल्या. तोवर त्याला त्या सांगवत नव्हत्या.

२००३च्या मार्चमध्ये त्याच्या साहेबीण बाईंनी, कॅरोलनी, अकरा खोकी त्याच्यासमोर ठेवली. हेस्टर प्राइस नावाच्या म्हाताऱ्या बाई वारल्या होत्या. मूळच्या इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या. महायुद्धात एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून त्या मिशिगनला आल्या आणि पुन्हा कधी परत गेल्या नाहीत. आयुष्यभर त्यांनी त्या गावाविषयी मिळेल ते जमवलं होतं. नकाशे, चर्चची पत्रकं, फोटो, बसची तिकिटंसुद्धा. कॅरोल म्हणाल्या, यादी करायची, घाई नाही.

घाई प्रल्हादलाही नव्हती. त्या यादीला त्याने अडीच वर्षं घेतली.

आमच्या ओळखीच्या लोकांत श्रूजबरी म्हटलं की पुण्याच्या कॅम्पातली बिस्किटं, एवढंच. प्रल्हाद जेवणाच्या पंगतीत लोकांना थांबवून सांगायचा, की बिस्किटाआधी तिथे एक नदी आहे. सेव्हर्न. वेल्सच्या डोंगरातून येते आणि गावाभोवती असा वळसा घालते की गाव जवळजवळ बेट होतं. जमिनीकडून आत शिरायला एकच अरुंद वाट उरते, आणि त्या वाटेवर नॉर्मन लोकांनी किल्ला बांधला. एका बाजूला इंग्लिश ब्रिज, दुसऱ्या बाजूला वेल्श ब्रिज. वेल्सहून लोकरीचं कापड यायचं, इथले व्यापारी ते विकत घ्यायचे आणि त्यावर श्रीमंत व्हायचे. लाकडी चौकटींची काळी-पांढरी घरं बांधायचे. "आणि वेल्श ब्रिजच्या पलीकडे फ्रँकवेल. सखल भाग. पूर आला की पाणी पहिल्यांदा तिथे." हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. सांगलीचा माणूस तो. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय, हे विचारत त्याचे पावसाळे गेले होते. ते गाव त्याने पाहिलं नव्हतं, पण तिथलं पाणी त्याला ओळखीचं होतं.

लोक ऐकायचे आणि ताटाकडे वळायचे. मीही वळलोय.

२००४च्या हिवाळ्याच्या तोंडाशी परीक्षित देवस्थळी नकाशा विभागात आला. पुण्याचा, इतिहासात पीएच.डी. करणारा, सत्तावीस वर्षांचा, दाढी वाढलेला. भारतातल्या कालव्यांचे नकाशे शोधत होता. प्रल्हादच्या टेबलावर पसरलेला नकाशा बघून त्याने सहज विचारलं, "हे कुठलं गाव, काका?"

त्रेचाळिसाव्या वर्षी काका ऐकून प्रल्हाद जरा चरकला. पण दोन वर्षांत असं विचारणारा हा पहिलाच. त्याने त्याला तीन तास बसवून ठेवलं.

मग परीक्षित दर रविवारी त्यांच्या घरी येऊ लागला. सुवर्णा पिठलं करायची, बाहेर बर्फ साचलेलं असायचं, आणि हे दोघं जेवणाच्या टेबलावर झेरॉक्स पसरून मार्डोल, डॉगपोल, वाइल कॉप अशा रस्त्यांची नावं घेत बसायचे. परीक्षित वहीत लिहून घ्यायचा.

"काका, पुरात कायम गरिबांचीच घरं जातात, आणि व्यापारी टेकडीवर. यावर कोणी काम केलंय का?"

"असं नाही केलेलं बहुतेक."

"सीरियसली? यार, हे जबरदस्त आहे."

प्रल्हाद त्या हिवाळ्यात फार खूश होता. बसमध्ये मला म्हणाला, "वर्गात चाळीस पोरं असायची, त्यात एखादा असा निघायचा."

एप्रिलमध्ये परीक्षितने प्रबंधाचा विषय बदलला. नदी, पूर आणि श्रूजबरीतल्या गरीब वस्त्या. त्याला उन्हाळ्यात तिथे जाऊन राहायला अनुदानही मिळालं. प्रल्हादला हे परीक्षितकडून कळलं नाही. इतिहास विभागाच्या सूचनाफलकावर नावं लागली होती, तिथे त्याने वाचलं. संध्याकाळी परीक्षित पेढ्यांचा डबा घेऊन घरी आला तेव्हा प्रल्हादने एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "छान. जून-जुलैत जा, तेव्हा पाणी कमी असतं." दुसरा पेढा त्याने घेतला नाही, हे सुवर्णाने पाहिलं.

"तूही जाऊन ये की कधीतरी," परीक्षित गेल्यावर ती म्हणाली.

ती बोलून गेली. पण जाता येणार नव्हतं. तिला एका कंपनीत कायमची नोकरी मिळत होती आणि व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज आत गेला होता. निकाल लागेपर्यंत दोघांनी देशाबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. आणि निकाल लागला की प्रल्हादचं वर्क परमिट संपणार होतं, कारण नव्या व्हिसावर जोडीदाराला काम करता येत नव्हतं. म्हणजे नोकरीही जाणार, आणि ती खोकीही दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार.

जूनपासून परीक्षितच्या मेल येऊ लागल्या. "काका, आज वेल्श ब्रिजवर उभा आहे!" सोबत फोटो. प्रल्हाद फोटो मोठा करून परीक्षितच्या मागचं बघायचा. कुठलं दुकान, रस्ता किती चढतोय, कोपऱ्यावरची पाटी काय सांगते. एका फोटोत परीक्षितचं डोकं नेमकं पाटीवर आलं होतं. "नेमकं तिथेच उभं राहायचं!" तो बसमध्ये माझ्यावर खेकसला, जणू फोटो मीच काढला होता. एका मेलमध्ये परीक्षितने लिहिलं, की वाइल कॉपचा चढ नकाशावर वाटतो त्यापेक्षा खूप जास्त आहे, दम लागतो. प्रल्हाद ते वाक्य तीन दिवस घोकत होता. "उंची दाखवणाऱ्या समोच्चरेषा मला कळतात. चढ किती आहे हे मला कळत नाही असं वाटतं का त्याला?"

उत्तरं तो उशिरा पाठवू लागला. आधी एका दिवसाने, मग चार दिवसांनी. घरी परीक्षितचं नाव निघालं की उठून भांडी घासायला जायचा.

"जळतोयस तू," सुवर्णा एकदा म्हणाली. "सरळ बोल ना."

"मी कशाला जळू? पोरगा आहे तो."

"म्हणूनच."

जुलैच्या शेवटी सांगलीत महापूर आला. प्रल्हादच्या भावाच्या घरात कमरेपर्यंत पाणी होतं. चार दिवस फोन लागत नव्हता. ज्या दिवशी लागला आणि सगळे सुखरूप असल्याचं कळलं, त्याच दुपारी परीक्षितची मेल आली. फ्रँकवेलमध्ये त्याला एक म्हातारे गृहस्थ भेटले होते. ते सांगत होते की १९४७च्या मार्चमध्ये, कडक हिवाळ्यानंतर बर्फ वितळून मोठा पूर आला, तेव्हा प्राइस बाईंच्या वडिलांनी, म्हणजे तिथल्या पोस्टमननी, कुणाच्या दारात पाणी कुठवर आलं ते सगळं नकाशावर मांडून मुलीला अमेरिकेत पाठवलं होतं. "काका, असा काही नकाशा खोक्यांत आहे का? मिळाला तर माझा पूर्ण चॅप्टर उभा राहील. प्लीज बघाल का?"

नकाशा होता. सातव्या खोक्यात एका पाकिटात घडी करून ठेवलेला. प्रल्हादला तो वर्षापूर्वीच सापडला होता. हाताने काढलेला, निळ्या पेन्सिलीने पाण्याची रेघ, आणि दारादारापाशी बारीक अक्षरात नोंदी. मिसेस गॉफ, तिसरी पायरी. शाळेचे मास्तर, खिडकीची चौकट. रिकामं घर, माहीत नाही. ज्या बापाला मुलगी आता दिसणार नव्हती, त्याने तिला तिच्या शेजाऱ्यांची खबर कळवली होती. प्रल्हादने तो यादीत चढवला नव्हता. सगळ्यात शेवटी, सावकाश, नीट लिहू म्हणून त्याने तो सपाट खणांच्या कपाटात कोऱ्या कागदांखाली ठेवला होता. अधूनमधून काढून बघायचा.

त्याने उत्तर त्याच दिवशी पाठवलं. इतकं लवकर त्याने महिनाभरात उत्तर दिलं नव्हतं. "सगळी खोकी पाहिली. असं काही नाही."

मला त्याने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, भावाच्या घरात पाणी शिरलेलं असताना हे सुचलं कसं? तो म्हणाला, "तेव्हाच सुचलं. माझं सगळं दुसऱ्या कुणीतरी बघायचं, आणि मी इथे बसायचं. सांगलीतही आणि श्रूजबरीतही."

ऑगस्टअखेरीस परीक्षित परत आला. प्रल्हादसाठी त्याने तिथल्या बाजाराचं चित्र छापलेला टॉवेल आणला होता आणि बोलताना गावाचं नाव 'श्रोजबरी' असं उच्चारत होता.

"श्रूजबरी," प्रल्हाद म्हणाला.

"तिथे दोन्ही म्हणतात काका. त्यावर भांडतात लोक. पण मी राहिलो त्या घरी श्रोजबरीच म्हणायचे."

अडीच वर्षं प्रल्हाद ते नाव घोकत होता, आणि तिथल्या माणसाच्या तोंडून ते त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. तो टॉवेल त्याने कपाटात टाकला तो कधी वापरला नाही.

ऑक्टोबरमध्ये परीक्षितचं भाषण होतं. वीस-पंचवीस लोक होते, मीही प्रल्हादबरोबर गेलो होतो. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं, की हे गाव मला प्रल्हाद निसळ यांनी दाखवलं. लोकांनी मागे वळून बघितलं. प्रल्हादचा चेहरा आक्रसला. मला वाटलं, संकोचला असेल.

मग परीक्षितने १९४७च्या पुराची रेघ दाखवली. त्याने ती आठवणींवरून आणि उंचीच्या हिशेबाने काढली होती. फ्रँकवेलचा मुख्य रस्ता वळतो तिथे ती थांबत होती. निळ्या पेन्सिलीची रेघ तिथे थांबत नव्हती. ती रस्ता ओलांडून मागच्या सात घरांत शिरत होती. प्रल्हाद खुर्चीत जरा पुढे सरकला. त्याने मला नंतर सांगितलं, की त्या क्षणी त्याला जो आनंद झाला तसा त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापिकेने विचारलं, "रेघ इथेच का थांबते? आधार काय?"

परीक्षित अडखळला. "हा अंदाज आहे. याहून चांगला पुरावा असता तर..." आणि त्याने प्रल्हादकडे बघितलं. नुसतं, मदतीसाठी. मनात कसला संशय नव्हता त्याच्या. प्रल्हादने मान खाली घातली आणि बुटांच्या नाड्या बघत राहिला.

नोव्हेंबरात सुवर्णाचा अर्ज मंजूर झाला. कॅरोलनी प्रल्हादला छोटी पार्टी दिली आणि खण, कपाटं, यादी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला आठवडा दिला. तो नकाशा कागदांखाली तसाच ठेवला असता तर पाच-दहा वर्षं कुणाला सापडला नसता. त्याने तसं ठरवलंही होतं. शेवटच्या आधल्या दिवशी कागद उचलून त्याने तो एकदा शेवटचा पाहिला. 'रिकामं घर, माहीत नाही.' मला नंतर म्हणाला, "पोस्टमनला एका घरातलं माहीत नव्हतं, तर त्याने माहीत नाही असं लिहिलं. अंदाज नाही केला. आणि मी माहीत असून 'नाही' असं लिहून मोकळा झालो."

दुपारभर बसून त्याने त्या एका कागदाची दोन पानं भरून नोंद केली. प्रत्येक दार, प्रत्येक पायरी. मग परीक्षितला फोन करून बोलावून घेतलं आणि नकाशा टेबलावर उघडला.

परीक्षित बराच वेळ वाचत होता. त्याचं बोट रस्त्याच्या वळणाशी गेलं आणि थांबलं.

"हा कधी सापडला?"

"होताच. माझ्याकडेच होता."

"पण काका, तुम्ही मला लिहिलंत की..."

"हो. खोटं लिहिलं."

"का?"

"तू तिथे होतास म्हणून."

परीक्षितला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा आवाज चढला. "मी वीस लोकांसमोर चुकीची रेघ दाखवली! तुम्ही तिथे बसला होतात!"

"बसलो होतो."

"मला सांगायचं होतंत ना. मी तुमचं नाव बरोबरीने टाकलं असतं. मी विचारणारच होतो."

हे प्रल्हादला सगळ्यात जास्त लागलं. माफी मागावी असं त्याला वाटत होतं, पण ते ऐकल्यावर त्याने नुसता नकाशा त्याच्याकडे सरकवला. परीक्षितने नकाशाची प्रत मागितली, फॉर्म भरला, आणि काका न म्हणता निघून गेला.

रविवार बंद झाले. त्या एका चॅप्टरसाठी परीक्षितला आणखी एक सेमिस्टर घालवावं लागलं. प्रल्हाद पुढची दोन वर्षं घरी होता. स्वयंपाक शिकला, मराठी शाळेत मुलांना नकाशे काढायला शिकवू लागला. सुवर्णाने त्याला बोल लावला नाही. फक्त एकदा म्हणाली, "ते गाव कुणाचंच नव्हतं रे, ना तुझं ना त्याचं." तो म्हणाला, "मला माहीत आहे. त्याने फरक पडत नाही."

२००८च्या वसंतात परीक्षितचा प्रबंध मंजूर झाला. महिन्याभराने प्रल्हादला त्याची मेल आली, अडीच वर्षांतली पहिली. प्रबंधाचं पुस्तक होणार होतं. फ्रँकवेलचं प्रकरण जोडलं होतं. "छापायच्या आधी तुम्ही वाचावं असं वाटतं. दुसरं कुणी नाही वाचू शकणार. परीक्षित." वर 'काका' नव्हतं, 'निसळ सर' होतं.

प्रल्हादने ते प्रकरण दोनदा वाचलं. चांगलं होतं. फार चांगलं होतं, तो मला जिन्यात म्हणाला, आणि चेहरा दात दुखत असल्यासारखा केला. तळटिपेत नकाशाच्या नोंदीखाली त्याचं नाव होतं, त्याच्या दोन पानांतली चार वाक्यं जशीच्या तशी घेतली होती. त्याला तीन चुका सापडल्या. दोन त्याने त्याच दिवशी कळवल्या. तिसरी, मिसेस गॉफच्या पायरीची, चार दिवसांनी कळवली.