मी पडले नाय, सीट सरकली

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव भागूबाई. आम्ही तिला नुसतं बाई म्हणतो. वय विचारलं तर म्हणते, "कडूबापेक्षा मोठी हाय, तेवढं पुरं." कडूबा म्हणजे मी. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून माझं नाव कडू ठेवलं. कडू जिन्नस यम तोंडात घालत नाही म्हणतात. बाईचं म्हणणं असं, की नाव माझं ठेवलं पण कडूपणा सगळा तिच्या वाट्याला आला. आता यात खोटं काय आहे?

तिच्या सासरमाहेरची गावं पैठणच्या वरच्या अंगाला, एकमेकांना लागून. धरण झालं आणि दोन्ही गावं पाण्यात गेली. लोक गाड्या भरून नव्या गावठाणात निघाले. कुणी ज्वारीची पोती घेतली, कुणी भांडी, कुणी देव. बाईनं घराचं सागवानी दार चौकटीसकट उपटलं आणि गाडीत आडवं टाकलं. आमचे दाजी, पुंजाराम, लई मवाळ माणूस. ते म्हणाले, "अगं, घर नाय अजून, दार काय करायचंय?"

बाई म्हणाली, "घर कोण बी बांधल. दार आपलं पाहिजे."

पुढं गावात सरकारी संडास आले. तीन भिंती, वर पत्रा आणि दाराच्या जागी पोतं. बायका पोत्याआड बसायच्या. बाहेर कुणी खाकरलं की आतून खाकरायच्या. बाईला ते खपलं नाही. तिनं ते पितळी फुल्यांचं सागवानी दार सुताराला सांगून संडासाला बसवलं. सगळं गाव हसलं. सरपंच म्हणाले, "भागूबाई, आता तोरण बी लावा." बाईनं दिवाळीला झेंडूचं तोरण लावलं आणि सरपंचांनाच फराळाला बोलावलं. बसवलं मात्र अंगणात, त्या दाराकडं तोंड करून.

अशी ही बाई. दाजी गेल्यावर म्हशींच्या दुधावर तिनं लेकाला, सुदर्शनला शिकवलं. सुदर्शन आता वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर आहे. शहरात पुंडलिकनगरला त्याचं घर आहे, मागच्या गल्लीत माझं. बाईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या तेव्हा तो तिला इकडं घेऊन आला. डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी घातली. मग सुदर्शननं खालच्या संडासात कमोड बसवला. सीट सूनबाईंनी, मोनिकानं पसंत केली. फरशीवरच्या फुलांना जुळणारी, फिक्या गुलाबी फुलांची. दिसायला अशी की वाटावं, पाहुण्यांना हिच्यावरच बसवावं.

एके सकाळी आतून धाडकन आवाज आला. कडी आतून लावलेली. दार आत उघडणारं, आणि बाई नेमकी दाराला आडवी पडलेली. सुदर्शननं फळी फोडली, हात कापून घेतला, कसंबसं तिला बाहेर काढलं. मी पोचलो तेव्हा ती सोफ्यावर होती. कमरेला मुका मार, कोपर सोललेलं. हाडं सलामत होती आणि जीभ तर होतीच होती.

"कडूबा," ती म्हणाली, "मी पडले नाय. सीट सरकली."

सुदर्शन उठला आणि सीट तपासून आला. हातानं हलवली, वर बसला, दोनदा आपटून पाहिलं. म्हणाला, "आई, सीट एकदम घट्ट आहे. तुला चक्कर आली असंल."

"चक्कर आली असती तर मला कळलं नसतं का? चक्कर माझी, डोकं माझं."

पण कोण ऐकतंय? तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, डोक्याचा फोटो काढला. सगळं नीट निघालं. तरी डॉक्टर म्हणाले, या वयात व्हायचंच असं. झालं! सीट निर्दोष सुटली, आणि बाई म्हातारी ठरली.

घरी आल्यावर सुदर्शननं संडासाच्या दाराची कडीच काढून टाकली. भोकं पुट्टीनं बुजवली. नेम असा केला, की बाई आत गेली की मोनिकानं नाहीतर नात संस्कृतीनं दाराशी उभं राहायचं आणि मधूनमधून विचारायचं, "आजी, ठीक आहे ना?" आजीनं आतून हो म्हणायचं. बाईनं पहिल्याच दिवशी आतून सांगितलं, "ठीक व्हतं, तू इचारलंस अन् थांबलं."

मग सुदर्शननं दुसरी तोड काढली. पलंगाशेजारी ठेवायची भांड्याची खुर्ची आणली, मधे गोल भोक असलेली. बाईनं ती सगळीकडून निरखली, उचलून गच्चीच्या जिन्याशी उन्हात ठेवली आणि त्या भोकात गवती चहाची कुंडी बसवली. बरोबर बसली! गवती चहा वाढला जोरात. पण त्या घरी चहा प्यायला मी आठवडाभर का कू करत होतो, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवसापासून बाईनं खरा मोर्चा काढला. सकाळी खांद्यावर टॉवेल, एका हातात काठी, दुसऱ्या हातात आपला लाल मग, अशी ती गल्लीतून माझ्या घराकडं निघाली. माझ्याकडं बायकोच्या आजारपणापासून कमोड आहे. कोपऱ्यावर आवडाबाई दूध घ्यायला उभी. तिनं विचारलं, "भागूकाकू, सकाळी सकाळी कुठं निघालात?"

"संडासाला."

आवडाबाईनं दुधाची पिशवी सावरली. "घरी पाणी नाय का आलं?"

"पाणी हाय. फरशी हाय. फुलाफुलांची सीट हाय. कडी नाय!" बाईचा आवाज असा की नळावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "अन् कडी नसंल तिथं म्या बसत नसते. आजवर बसले नाय."

हे रोज सुरू झालं. लोक तिच्या वेळेवर घड्याळं लावायला लागले म्हणा ना. भाजीवाला तिला वाट करून द्यायचा. सुदर्शन शरमेनं अर्धा झाला. माझ्याकडं येऊन म्हणाला, "मामा, तुम्ही तरी समजवा. गल्ली हसतीय मला."

"तुला हसतीय," मी म्हणालो, "तिला नमस्कार करतीय. फरक हाय."

"मामा, मजा नका करू. माझ्याकडं ती पडली होती, मी बघितलंय."

त्याचा चेहरा बघून मी मजा सोडली. मग बाईलाच विचारलं, "बाई, एक सांग. माझ्याकडं तू कशी नाय पडत? माझी सीट तर तिच्याहून जुनाट."

ती म्हणाली, "तुझ्याकडं उजव्या हाताला भिंत खेटून हाय. धुताना मी तिला खांदा लावते. तिकडं भिंत लांब हाय."

"म्हंजे धुतानाच सरकती?"

"मंग इतके दिवस म्या काय म्हणतीय?"

खरं सांगू? हे ती पहिल्यांदाच म्हणत होती. पण बाईला तसं सांगायची माझी छाती नाही.

रविवारी सुदर्शननं गयासला बोलावलं. गयास प्लंबर. हा कमोड त्यानंच बसवलेला. माणूस हुशार आणि तोंडाळ, म्हणजे बाईच्या तोडीस तोड. त्यानं सीटवर दोन्ही हात टेकून सगळा भार दिला. म्हणाला, "मावशी, एकदम पक्की है. हत्ती बी बैठला तरी हिलनार नै."

"हत्ती मगानं धुतो का रं?"

संस्कृती तोंडाला ओढणी लावून हसायला लागली.

"सुदर्शन, बस त्याच्यावर," बाई म्हणाली.

"आई, बसलो होतो मी. काही होत नाही."

"जेटवाल्यासारखा बसला व्हतास, पाटासारखा सरळ. आता माझ्यासारखा बस."

ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्या घरात सगळे ती जेटची पिचकारी वापरतात. तिला हलावं लागत नाही, बसल्या जागी काम होतं. बाईला पिचकारी पटत नाही. तिला उजव्या हातात मग पाहिजे, डावं अंग उचलून सगळा भार उजव्या मांडीवर टाकायचा आणि धुवायचं. आमच्या पिढीच्या सगळ्यांचा हाच रिवाज.

सुदर्शन पँट घालूनच बसला. बाईनं मग भरून त्याच्या हातात दिला.

"झुक उजवीकडं. अजून. लाजतोस काय, लहानपणी माझ्यासमोरच शिकलास."

"आई, गयासभाई आहेत!"

"त्यांना बी शिकू दे. उचल डावं अंग."

सुदर्शननं अंग उचललं आणि सीट सर्रकन उजवीकडं घसरली. एक पाय वर, एक हात गयासच्या मानेला, आणि मगातलं सगळं पाणी गयासच्या शर्टावर. मी दाराला धरून हसतोय. मोनिकाला हसू आवरेना.

बाई हसली नाही. तिनं काठी फरशीवर टेकवली. "चक्कर आली का रं तुला? नेऊ का दवाखान्यात? डोक्याचा फोटो काढू?"

सुदर्शननं उठून पहिल्यांदा सीटकडं बघितलं, मग आईकडं. खाली बसून सीटच्या मागचे बोल्ट बोटानं चाचपायला लागला.

गयासनं सीट उपसली. बोल्ट प्लॅस्टिकचे, आणि भांड्याची भोकं त्यांच्याहून मोठी. त्यामुळं सरळ बसलं तर घट्ट, बाजूनं रेटा आला की आतल्या आत खेळायचे. शिवाय भांडं गोल आणि सीट लांबट.

"भाभी, फूल देख के सीट घेतली तुमी," तो मोनिकाला म्हणाला, "अन् मी बी बिना बोलता लावून दिली. गोल नवरा, लांब नवरी. अपनच जबरदस्ती निकाह लावला."

"मग सोडचिठ्ठी दे," बाई म्हणाली.

तो गुलमंडीच्या बाजारात जाऊन भांड्याच्या मापाची सीट घेऊन आला. साधी, पांढरी. प्लॅस्टिकच्या जागी स्टीलचे बोल्ट घातले. भोकात बोल्ट खेळू नये म्हणून त्यांना रबराची नळी चढवली आणि खालून रुंद वायसर लावले. सुदर्शन म्हणाला, "अजून कसा." गयास म्हणाला, "ज्यादा कसलं तर भांडं तडकल. चिनी माती है, लोखंड नै."

बाईनं सुदर्शनला पुन्हा बसवलं, पुन्हा झुकवलं. सीट या खेपेला घसरली नाही, पण बाजूला जरा दबकली.

"चालतंय की आता," सुदर्शन म्हणाला.

"तुला चालतंय. मला नाय चालत."

"मावशी, इतना तो हर सीट में होताच."

"हर सीटवर मी बसते का? मी हिच्यावर बसणार. रांजणाचं लाकडी झाकण बघितलंस कधी? ते का सरकत नाय? त्याला खालून ओठ असतो, तो रांजणाच्या तोंडात बसतो. हिला ओठ कुठाय?"

गयासनं ओली कॉलर झटकली. थोडा वेळ सीट उलटी धरून बघत राहिला. मग उठला, पंक्चरवाल्याकडून जाड टायरचा तुकडा आणला, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि सीटच्या खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी अशा बसवल्या, की सीट खाली केली की त्या भांड्याच्या काठाच्या आतून टेकाव्यात. उजव्या भिंतीवर हाताशी येईल असा पुढं आलेला स्टीलचा दांडा ठोकला. आता सुदर्शननं झुकून बघितलं, मी झुकून बघितलं, शेवटी गयास स्वतः बसला आणि एवढा झुकला की दांडा धरावा लागला. सीट जागची हलली नाही.

"आता कडी," बाई म्हणाली.

सगळं इथंच येऊन थांबलं. सुदर्शन म्हणाला, "आई, बाहेरून उघडता येईल अशी कडी मिळते. ती लावतो."

"बाहेरून उघडती तिला कडी म्हणत नाय. ती तुमची मेहेरबानी झाली."

"आई, ऐक ना." त्याचा आवाज बदलला. "तू पडलीस तेव्हा आतून हूं की चूं नव्हतं. मी दार फोडत होतो आणि मला कळत होतं की फळी तुझ्याच अंगावर जाणारे. सीटचं तू म्हणतेस ते खरं, चूक माझी. पण ते दार मी परत नाही फोडणार."

गयासनं पान्हा खाली ठेवला. बाई सुदर्शनकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही नमते. मी तिला ओळखत असूनही मला वाटलं.

"नको फोडू," ती म्हणाली. "दार फिरव. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला घे, म्हंजे दार बाहेर उघडल. मी आडवी पडले तरी वाट अडायची नाय, बाहेरून हिसका देऊन कडीचा एक स्क्रू उचकटला की झालं. तुझी भीती मोकळी. पण कडी आत, अन् ती माझी. माझ्या हातानं लागल, माझ्या हातानं निघल. पटत नसंल तर मी उद्या बी टॉवेल घेऊन कडूबाकडं निघते. परवा बी. सगळं पुंडलिकनगर मला वळखतंय आता."

सुदर्शननं डोळे पुसले आणि हसायला लागला. "नको आई. चाललीस तेवढी पुरे."

सुतार आला, दार फिरलं. पुट्टीनं बुजवलेल्या भोकांच्या जरा वर नवी कडी बसली, बाईच्या हाताच्या उंचीला.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम गेलो. तमाशा चुकवायचा कशाला? बाई आत गेली, कडी लागली. मोनिका डबा भरायला गेली, संस्कृती कॉलेजला. सुदर्शनला कंपनीची बस गाठायची होती, ती चुकली तर गाडीवर जाणार म्हणून हेल्मेट हातात. पाय मात्र दाराशी रुतलेले. मी खूण केली, जा. तो मान हलवतो, थांबा.

आत पाण्याचा आवाज. मग शांतता. सुदर्शननं तोंड उघडलं, मिटलं. हेल्मेटचा पट्टा त्याच्या हातात वाजायला लागला.

"सुदर्शन," आतून बाई.

"काय गं आई?"

"पट्टा वाजतोय तुझा. जा ड्युटीला."

तो गेला.