कांदे मुलांकडे, सायकल मुलींकडे

सुमनबाईंना मी पहिल्यांदा भेटले, तेव्हा मी त्यांच्या वसतिगृहात राहायला आलेच नव्हते. आईबरोबर धाकट्या भावाला, दलसूला, पोचवायला आले होते.

गडचिरोलीकडच्या आमच्या गावात बाबा गोळी लागून गेले. गोळी कुणाची, ते आजही ठाऊक नाही. दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. दलसू तेव्हा नऊ वर्षांचा होता. मोठा झाला की एक बाजू त्याला ओढून नेईल, नाहीतर दुसरी संशयावरून उचलेल, या धास्तीनं आईनं नागपूरची वाट धरली. बाईंनी दलसूचं नाव लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आन् इचं?"

"तिचं लगन लावून देतो जी," आई म्हणाली. "पोरगी घरी ठेवाले भेव वाटते."

मी बारा वर्षांची होते.

"भेव दोघाईचंच हाय ना वं," बाई म्हणाल्या. "मंग पोराले शाळा आन् पोरीले नवरा, हे काहून?"

आईनं मलाही तिथेच ठेवलं. ती एकटीच परतली. पुढे तिला तिथे एकटीनं राहणं अशक्य झालं, तेव्हा बाईंनी तिलाही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला आणलं.

बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरव अंकात त्यांच्या शिक्षणकार्यावर इतर मान्यवर लिहितीलच. मी त्यांच्या एका विचित्र नियमाबद्दल लिहिते. कांदे मुलांनी कापायचे आणि सायकलवरून सीताबर्डीला जाऊन सगळ्यांच्या वह्या मुलींनी आणायच्या. पाहुणे हसत, "उलटंच केलंत बाई." त्यावर बाई एवढंच म्हणत, "आमच्याइथं असंच राह्यते."

मला तो नियम मुळीच आवडत नसे. गावात पाण्याला जातानाही मी बंदूकवाल्यांसमोरून मान खाली घालून, मैत्रिणीचा हात धरून जायची. व्हरायटी चौकातल्या गर्दीत एकटीनं सायकल रेटताना मला रडू कोसळायचं, आणि सावलीत कांदे कापत बसलेल्या दलसूचा भारी हेवा वाटायचा. मान कधी वर झाली, ते माझं मलाही कळलं नाही.

एकदा वह्या घेऊन परतले, तर दलसूच्या डोळ्यांना धार लागलेली. मी चिडवलं, "कांद्यालेच रडून राह्यला काय गा?"

बाईंनी माझा दंड धरून मला बाहेर नेलं. त्या माझ्यावर एकदाच रागावल्या, त्या दिवशी. "पुन्हा म्हणजो नको. त्याले कापू दे."

बाबांना माती दिली, तेव्हा नातेवाइकांनी दलसूच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आता घरातला मर्द तूच." तेव्हापासून तो रडला नव्हता. आई आणि मी पोटभर रडलो होतो. आम्हा बायकांना तेवढी तरी मुभा होती. कांदे कापणाऱ्या पोराला मात्र कुणी का रडतोस म्हणून विचारत नाही. बाईंचा हा नियम समजायला मला फार वर्षं लागली. त्या चिडवण्याची लाज अजून गेलेली नाही.

आज दलसू कोराडीच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ आहे, मी काटोलला शिक्षिका आहे आणि आई बाईंच्या शेजारीच राहते. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसून आम्हा दोघांची उणीदुणी काढतात, असं खात्रीलायक समजतं.

इतक्या पोरांना बाईंनी रडू दिलं, पण त्या स्वतः रडलेल्या मला आठवत नाहीत. पंच्याहत्तरीच्या जेवणाचा आचारी ठरला, तेव्हा दलसूनं अट घातली की कांदे तोच कापणार, आणि तेही मंडपातच, बाईंच्या खुर्चीशेजारी बसून. आचाऱ्याला ही कटकट वाटली. मला वाटली नाही.

बाईंनी शंभरी गाठावी, हिंडत्याफिरत्या राहावं, आम्हाला असेच उत्तरं न सुचणारे प्रश्न विचारत राहावं. आणि त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंच, तर आम्ही कुणी कारण विचारणार नाही. शेजारी पाटीभर कांदे असतील.