अक्काच्या कार्डावरची आंब्याची पानं

टपाल पाठवायची हौस असलेली माणसं मला लांबून ओळखू येतात. त्यांच्या पर्समध्ये रक्तदाबाची गोळी नसेल, पण तिकीट उचलायचा चिमटा असतो. पत्र कोणाला लिहायचं हे त्यांना ठाऊक नसतं, मात्र ते कोणत्या शाईने लिहायचं हे महिनाभर आधी ठरलेलं असतं. हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मी त्यांच्यातलीच होते. नुसती त्यांच्यातली नव्हे, त्यांच्यातली सगळ्यात वाह्यात.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे त्रेसष्ट वर्षांची. आज एकाहत्तराव्या वर्षी त्या पोरीकडे बघितलं की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. नोकरी संपलेली, गुडघे शाबूत, डोंबिवलीत मुलाबरोबर चांगलं लिफ्टचं घर, नातवंडं शाळेत गेली की अख्खी दुपार मोकळी. अशा बाईने पंखा लावून झोपावं की नाही? ही बाई टपालप्रेमींच्या गटात गेली.

हा गट महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचा. त्यात एक निवृत्त गृहस्थ होते, ते पांढरे हातमोजे घालून तिकिटं दाखवायचे, जणू शस्त्रक्रियाच चाललीय. कंपनीत कामाला असलेल्या दोन मुली होत्या, त्या मेणबत्तीवर लाख वितळवून पाकिटावर झोकदार शिक्का उमटवायच्या. एकदा मी त्यांतल्या एकीला विचारलं, "आत काय लिहिलंस गं?" तर म्हणाली, "आत काही नाही काकू, पाकीटच आहे." आणि गटाच्या प्रमुख बाई. फोनमुळे माणसं एकमेकांना दुरावली, हा विचार त्या रोज सकाळी फोनवरून सगळ्यांना पाठवायच्या.

या मंडळींत आमची त्रेसष्ट वर्षांची नवरी शोभून दिसली. तिने फुलपाखरांचे रबरी शिक्के आणले, सोनेरी शाई आणली, नक्षीच्या कागदी टेपा आणल्या: एक पैठणीच्या काठाची, एक वारली चित्रांची, एक आंब्याच्या पानांची. मग तिला कळलं की स्वतःचा फोटो छापलेली पोस्टाची तिकिटंही करून मिळतात. झालं! निळी साडी, मोत्यांची कुडी, तीन वेळा पुसलेला चष्मा. तिकिटावर यायचं तर माणूस थोर असावा लागतो, आणि बहुतेक वेळा गेलेलाही. ही जिवंत होती आणि थोरपणाचा तर संबंधच नव्हता.

पहिलं फोटोचं तिकीट लावून ती पोस्टात गेली, तेव्हाचं काउंटरवरचं संभाषण मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"शिक्का जरा हळू मारा हं. चेहऱ्यावर नको."

"मग कुठे मारू?"

"कोपऱ्यात. केसांवर चालेल."

"आजी, मागे रांग बघा. हे पोस्ट आहे, पार्लर नाही. हात काढा."

ठप्प. त्याने नेमका नाकावर मारला. तेव्हा मी घरी येऊन फणफणले होते. आज तो माणूस भेटला तर त्याला पेढे देईन.

ते तिकीट लावलेलं कार्ड गेलं होतं खडवलीला, माझ्या थोरल्या बहिणीकडे. कशाचं उत्तर म्हणून गेलं होतं, ते आता सांगते.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यापासून खडवलीत नदीच्या बाजूला दोन खोल्यांत एकटी राहते. कानांनी ठार बहिरी नाही, पण फोनवर तिला काही कळत नाही, म्हणून तिने तो कधी घेतलाच नाही. आम्ही दोघी चाळीस वर्षं साध्या पोस्टकार्डावर बोलत आलो. त्या कार्डाची आमच्या घरातली रीत ठरलेली. आधी सगळ्यांची खुशाली, मग पाऊसपाणी, मग कोण आजारी, कोणाला काय झालं. स्वतःसाठी काही मागायचं असलं, तर ते मजकुरात लिहायचं नाही, दिसायला हावरट दिसतं. ते सगळ्यात शेवटी, ता. क. म्हणून, कडेच्या कोऱ्या पट्टीत आडवं लिहायचं. आईनेच आम्हाला असं शिकवलं. त्यामुळे आमच्या माहेरचं कार्ड हातात आलं, की वाचणारा आधी कार्ड आडवं धरून कड वाचतो आणि मग सरळ करतो. चाळीस वर्षं मी तेच केलं.

त्या जुलैत अक्काचं कार्ड आलं आणि बाईसाहेबांनी कड वाचली नाही. त्यांनी शिक्का पाहिला. काय शिक्का होता! पूर्ण गोल, कुठे फाटलेला नाही, खडवली हे नाव अक्षरन्‌अक्षर लागणारं. असा शिक्का हौशी माणसांना क्वचित मिळतो. ठाण्यात आमच्या गटाचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी हे कार्ड तिने तिथल्या तिथे निवडून टाकलं. वरवर चार ओळी वाचल्या. सगळे खुशाल, पाऊस बेताचा. कडेला काहीतरी मोठ्या, वाकड्या अक्षरांत खरडलेलं होतं, ते तिला गिचमिड वाटलं. चौकट करायला बरी पडेल म्हणून तिने त्याच्यावर आंब्याच्या पानांची टेप चिकटवली. वर नखाने घासून नीट बसवली.

आणि उत्तर काय पाठवलं? जांभळ्या कार्डावर सोनेरी शाईने एकच ओळ: "प्रत्येक तिकीट ही एक चिमुकली खिडकी असते." खाली तीन फुलपाखरं. आणि तिकिटावर स्वतःचं थोबाड.

अक्काचं पुढचं कार्ड आलं नाही. ऑगस्टमध्ये नाही, सप्टेंबरमध्येही नाही. मी पत्रपेटी रोज उघडत होते, पण अक्काच्या कार्डासाठी नव्हे. गटातल्या एकीला फिनलंडहून कार्ड आलं होतं, मला कुठून तरी येईल अशी आशा होती.

ठाण्याच्या प्रदर्शनात तिकिटं बघायला येणाऱ्यांच्या हाती भिंगं दिली होती. एक म्हातारे गृहस्थ अक्काच्या कार्डापुढे भिंग धरून उभे राहिले ते हलेचनात. मी खूश होऊन पुढे गेले.

"शिक्का पाहिलात? पूर्ण गोल आहे."

"पाहिला. मी ता. क. वाचतोय. टेपखाली गेलाय."

"ते डिझाइन आहे."

"डिझाइन टेपचं आहे हो बाई. खाली कोणाचं तरी अक्षर आहे. 'डोळ्याचं' असं काहीतरी लागतंय. तुम्ही वाचलंत ना हे?"

मी कार्ड बोर्डावरून ओढलं आणि टेपेला नख घातलं. हातमोजेवाले धावत आले, "अहो, अहो, हळू! कार्डाची वाट लागेल!" लागलीच. अर्धी शाई टेपेबरोबर उठून आली. अर्धी अक्षरं कार्डावर, अर्धी टेपेच्या चिकट बाजूला उलटी. जुळवून वाचलं ते असं: "ता. क. डोळ्याचं ऑपरेशन कल्याणला करायचं ठरतंय. नंतर पंधरा दिवस तुझ्याकडे राहू का? अडचण असेल तर मोकळेपणी कळव."

मी पर्स उचलली. प्रमुख बाई म्हणाल्या, "अहो, कुठे निघालात? बक्षीस समारंभ चारला आहे!" मी खडवलीला जायला कसाऱ्याची गाडी पकडली.

अक्का ओट्यावर खुर्चीत बसली होती, काळा चष्मा लावून. म्हणजे ऑपरेशन होऊन गेलं होतं. आतून तिची शेजारीण बाहेर आली. चाळिशीची, अंगणवाडीत काम करणारी. हात पदराला पुसत तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"या मावशी. म्हणजे आहात तुम्ही."

"आहात म्हणजे?"

"तिकिटावर फोटो आला ना तुमचा. मला वाटलं, गेलात. आजीच म्हणाल्या, नाही गं, तिला हौस आहे तसली."

मी काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, "आजींना दिसत नव्हतं, मीच वाचून दाखवलं तुमचं कार्ड. दोनदा वाचलं. उत्तर कुठं लिहिलंय तेच सापडेना. मग आजी म्हणाल्या, राहू दे, समजलं."

मी अक्काच्या कानाशी वाकले. "अक्का, मी वाचलंच नव्हतं!"

"काय?"

"कार्ड वाचलं नव्हतं!"

"कोणाला लाज वाटली नव्हती?"

"वाचलं नव्हतं! तुझं कार्ड! मी वाचलं नव्हतं!"

समोरच्या दोन घरांतली माणसं दारात आली. आपला गुन्हा तीन वेळा ओरडून सांगायची वेळ फार थोड्यांवर येत असेल. अक्काने मान हलवली. "असू दे गं धाकटे. मी म्हटलं, मुलांच्या परीक्षा असतील."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जुलैत कसल्या परीक्षा? माझ्यासाठी तिने सबबसुद्धा स्वतःच शोधून ठेवली होती, आणि तीही तिला धड जमली नव्हती.

दुसरा डोळा दिवाळीनंतर करायचा होता. मी म्हटलं, त्या वेळी माझ्याकडे ये, मी सगळं करीन. अक्काने हनुवटीने शेजारणीकडे दाखवलं. "हिला विचार."

शेजारीण माझ्यासमोर पायरीवर बसली. माझी नोकरीची मुलाखत इतकी कडक झाली नव्हती.

"ड्रॉप घालता येतात?"

"येतात."

"दिवसातून सहा वेळा घालायचेत. दोन बाटल्या, मध्ये दहा मिनिटं सोडून. विसरलात तर?"

"नाही विसरणार."

"पत्र वाचायचं विसरलात."

मी पर्समधून कागद काढून सहा वेळा, दोन बाटल्या, दहा मिनिटं असं लिहून घेतलं.

"आजी ऐकत नाहीत. पहाटे उठून केर काढतात. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी झाडू लपवून ठेवीन."

"आणि ते तुमचं चिकटवायचं काम?"

"ते बंद."

"बंद म्हणजे? कमी की बंद?"

"बंद केलं." खरं तर ते मी त्या क्षणी केलं. खोटं बोलले असं व्हायला नको म्हणून नंतर पाळलं.

ती पायरीवरून उठली. "बरं. पंधरा दिवस पाठवते. पण आठव्या दिवशी मी येऊन बघणार. नाही पटलं, तर परत घेऊन येणार."

अक्का विचारत होती, "काय म्हणते?"

"पाठवते म्हणते!" मी ओरडले.

"ती म्हणते तर येते," अक्का म्हणाली.

दिवाळीनंतर अक्का डोंबिवलीला आली. आठव्या दिवशी शेजारीणही आली, खरंच आली, सकाळच्या गाडीने. दारातच, चप्पल काढायच्या आधी तिने मला विचारलं, "आज किती झाले?"

"दोन."

ती मला ओलांडून आत गेली आणि अक्काच्या कानाशी ओरडली, "आजी, आज किती वेळा घातले?"

अक्काने दोन बोटं वर केली. तेव्हा कुठे ती बाई चहाला बसली.