ओरडण्याचा धडा

पाण्याची भीती मला लहानपणापासून. खोटं कशाला बोलू, डोक्यावरून अंघोळ करतानासुद्धा मी श्वास कोंडून धरते. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव झाला, तेव्हा आपण त्या वाटेला जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पण माझी आठ वर्षांची लेक मनस्वी दोन महिन्यांत खोल बाजूला जायला लागली आणि मी काठावर टॉवेल घेऊन उभी. एक दिवस मनात आलं, हिचं काही बरंवाईट झालं तर मी काय करणार, टॉवेल फेकणार? दुसऱ्या दिवशी मी बळीराममामांकडे नाव दिलं.

मामा साठीचे. खाडीकाठच्या गावातले, वडील मिठागरात कामाला होते. गावच्या तळ्यात मामांनी वर्षानुवर्षं पोरांना पोहायला शिकवलं, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आता सोसायटीने दिलेला निळा टी-शर्ट पोटावर ताणून आणि गळ्यात शिट्टी अडकवून ते आमच्या तलावावर असतात. लहान मुलांना ते सरळ उचलून पाण्यात घेतात. मूल भोकाड पसरतं, मामा हसतात. "बोंबल, बोंबल. बोंबलतंस म्हंजे हायस."

मोठ्यांची तऱ्हा वेगळी. पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून पाण्यात उतरायला निघाले, तर मामांनी थांबवलं. आधी काठावर उभं राहून 'वाचवा' म्हणून ओरडा, म्हणाले, पार वरच्या मजल्यावर ऐकू गेलं पाहिजे. मला वाटलं थट्टा करतायत. संध्याकाळचे सहा, बाकांवर ज्येष्ठ मंडळी, शेजारी सी विंगचे परेशभाई फोनवर. मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते, अर्ध्या सोसायटीची मुलं माझ्या हाताखालून गेलीत. मी 'वाचवा' म्हटलं खरं, पण हजेरी घेतल्यासारखं. मामा म्हणाले, उद्या पुन्हा.

मग ते रोज मागायचे आणि मी रोज उद्यावर ढकलायचे. शेवटी एकदा चिडून सांगितलं, की मी काही कुक्कुलं बाळ नाही, बुडायला लागले तर तोंड आहे मला.

"तोंड असतं ओ, ताई," मामा म्हणाले. "पन मोठ्या मानसाचं उघडत नाय."

मला रागच आला. म्हटलं, हे कोण मला शिकवणार! मग मी पाय मारायला शिकले, तोंड पाण्यात घालायला शिकले, म्हणजे शिकल्यासारखं केलं. मामांनी विचारलं, जमतंय ना, की मी लगेच हो म्हणायचे. कसलं जमतंय, पाय फरशीवरून सुटले की छातीत धडधड व्हायची आणि घरी जाईपर्यंत थांबायची नाही. वर्गात मी मुलांना रोज सांगते, समजलं नाही तर हात वर करा, लाजू नका. ती करतातही बिचारी. "बाई, काहीच कळलं नाही," असं खुशाल सांगतात. बाईंना मात्र ते जमेना.

नवव्या दिवशी मामा पायऱ्यांपाशी भाविकाला शिकवत होते. सहा वर्षांची पोर, नुसता आकांत मांडला होता तिने. मी काठाला धरून पुढे सरकत होते. उतार कधी लागला कळलंच नाही. हात निसटला, पाय टेकेनात, नाकापर्यंत पाणी आलं. समोर पाच-सहा फुटांवर काठावर परेशभाई उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि, देवाशपथ सांगते, मी हसले. तेही हसले आणि पुन्हा फोनमध्ये शिरले.

पाणी तोंडात शिरलं. आवाज गळ्यापर्यंत आला आणि तिथेच बसला. आता ओरडले तर सगळे बघतील, एवढंच डोक्यात. जीव चालला होता आणि मला चार लोकांची लाज वाटत होती! पलीकडे मनस्वी खिदळत होती. तिला तरी पोहता येतं, एवढं मनात आलं, आणि मग नुसतं हिरवं पाणी.

पुढचं मला नंतर कळलं. भाविका रडायची थांबली आणि म्हणाली, "आजोबा, काकू हसतात आणि खाली जातात."

मामांनी मला बाहेर काढलं. मी खोकले, ओकले, ढसाढसा रडले. मामा निथळत शेजारी बसले. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ कमलाकर, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, नुकताच पोहायला शिकत होता. गावच्या तळ्यात मामा दहा-बारा पोरांना शिकवत होते, सगळी बोंबलत होती, म्हणून त्यांचं लक्ष पोरांकडे. कमलाकर 'जमतंय, दादा' म्हणाला आणि पुढे गेला. हाकेच्या अंतरावर बुडाला. हूं नाही की चूं नाही.

"तवापासून पोरं रडली का मना बरं वाटतं," मामा म्हणाले. "मोठं मानूस गप झालं का काळीज हलतं माजं."

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं फार वाटत होतं. तरी गेले. तेच सहा वाजलेले, तीच मंडळी, परेशभाईसुद्धा. मामांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं, ताई ओरडणार आहेत, शिकवणीच आहे, कोणी घाबरू नका. ते माझ्याशेजारी उभे राहिले. मी डोळे मिटले. पहिला आवाज चिरका निघाला. मग काल गळ्यात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"वाचवा! वाचवा, मी बुडतेय!"

वरच्या खिडक्या सरकल्या, वॉचमन धावत आला, मनस्वी रडायला लागली. मी डोळे उघडले. मी कोरड्या फरशीवर उभी होते आणि माझं मनगट मामांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. घाबरू नका असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. झालं, मामा, ओरडले मी, असं मी दोनदा म्हटलं, तरी ते सोडेनात.