व्याकरण बरोबर आहे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं घडलंच काय होतं — चार इंग्रजी शब्द, एवढंच. असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावत आलो.

सोलापुरात टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात मी कारकून होतो. बाहेरच्या गिऱ्हाइकांना ईमेल मी लिहायचो. इंग्रजी शाळेत शिकलेला ऑफिसात मी एकटाच. त्याचा ताठा — होता, नाही कशाला म्हणू?

रेखा पॅकिंगमध्ये होती. मोडनिंबची, मराठी शाळेतली. जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन माझ्याकडे यायची. 'आस्क' कधी आणि 'रिक्वेस्ट' कधी? 'सॉरी' कुणाला म्हणायचं, 'रिग्रेट' कुणाला लिहायचं? मी सांगायचो. आवडायचं मला ते. विचारणारं माणूस समोर असलं की आपण किती मोठे होतो!

मग मी टायफॉईडनं पंधरा दिवस घरी पडलो आणि पत्रं तिनं सांभाळली. परतलो, तर एका वयस्कर गिऱ्हाईक बाईंनी मालकांना कळवलं होतं — तुमच्या नव्या मुलीची पत्रं फार आपुलकीची असतात. मालकांनी त्या बाईंचं काम रेखाकडेच ठेवलं. फक्त एका गिऱ्हाइकाचं. तेवढंही मला सोसलं नाही.

एका दुपारी ती मजकूर दाखवायला आली. बाईंकडून नव्या नक्षीचा नमुना यायचा होता, त्यावाचून माग थांबले होते.

"दादा, 'यू हॅड बेटर सेंड इट सून' असं लिवलंय. नुसत्या 'प्लीज'पेक्षा बरं वाटतंय. 'बेटर' हाय की त्यात. बरोबर हाय न्हवं?"

तुम्हाला ठाऊक असेल, नसेल — त्या शब्दांत गोडवा नाही, दटावणी आहे. 'लवकर पाठवलंत तर बरं होईल' असं तिला म्हणायचं होतं. लिहिलं गेलं होतं — 'बऱ्या बोलानं पाठवा'. मला ते वाचताक्षणीच कळलं.

तरी मी पुन्हा एकदा वाचल्यासारखं केलं. आणि म्हणालो, "व्याकरण बरोबर आहे."

खोटं होतं का ते? अक्षरशः खरं होतं. म्हणूनच तर निवडलं.

बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. अशी भाषा ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती; माल आता त्या दुसरीकडून घेणार होत्या. मालकांनी रेखाला आत बोलावलं. मध्ये नुसती काच होती, मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. ती माझं नाव घेईल म्हणून मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं. तिनं नाव घेतलं नाही.

बाहेर आली आणि माझ्या टेबलाशी थांबली. "दादा, बरोबर हाय म्हणला व्हता की तुमी." आवाजात राग नव्हता — तिला खरंच कळत नव्हतं. तेव्हा तरी मी सांगू शकत होतो. काय सांगितलं? "व्याकरण बरोबरच होतं गं. पण नुसत्या व्याकरणानं भाषा येत नाही." वर हे ऐकवलं तिला.

ती पॅकिंगला परत गेली. वही पुन्हा कधी आणली नाही. दोन महिन्यांनी काम सोडून गावी गेली. सगळी पत्रं परत माझ्याकडे आली, आणि त्या दिवशी मला — आनंद झाला होता.

गेल्या महिन्यात माढ्याला एका लग्नात ती भेटली. सोबत तिची कॉलेजात जाणारी मुलगी. रेखानं तिला पुढं केलं. "पाया पड ह्यांच्या. लई इंग्रजी शिकवलंय मला ह्यांनी."

मुलगी वाकली. मला मागं सरता आलं असतं. सरलो नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, सुखी राहा.